घरच्या लिनक्स संगणकावरून मेल बाहेर जात नाही : पोस्टफिक्सला ५३० क्रमांकाचा नकार

प्रश्न (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि त्याचे हिशेब मी पाहते. कारखान्यातील संगणकावरच्या हिशेबाच्या फाइलींची प्रत रोज रात्री साडेअकरा वाजता घरच्या एका जुन्या संगणकावर उतरते. या घरच्या संगणकावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. प्रत उतरवून झाली, की किती फाइली आल्या आणि कोठे अडथळा आला, याचा चार-पाच ओळींचा अहवाल मला आणि पुण्यात राहणाऱ्या माझ्या दिरांना मेलने जावा, एवढीच अपेक्षा आहे. जुनी डिस्क खराब झाल्यामुळे अकरा दिवसांपूर्वी सगळी प्रणाली नव्याने बसवली आणि तेव्हापासून एकही अहवाल कोणाला पोहोचलेला नाही.

मेल पाठवण्यासाठी पोस्टफिक्स बसवले आहे. नवी डिस्क लहान असल्याने बसवताना ‘शिफारस केलेली जादा पॅकेजे नकोत’ असा पर्याय दिला होता. खाते जीमेलचे आहे. मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगांच्या फाइलमध्ये मी घातलेल्या ओळी खाली देत आहे. वाचण्याच्या सोयीसाठी नावे देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन लिपीतच आहेत. (एसएमटीपी म्हणजे मेल पाठवण्याची प्रमाणित पद्धत, रिलेहोस्ट म्हणजे ज्याच्यामार्फत मेल बाहेर जातो तो सर्व्हर, ५८७ हा त्याच्या पोर्टचा म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, सासल म्हणजे ओळख पटवण्याची व्यवस्था आणि टीएलएस म्हणजे संवाद कुलूपबंद करण्याची पद्धत.)

रिलेहोस्ट = [एसएमटीपी.जीमेल.कॉम]:५८७
एसएमटीपीडी_सासल_ऑथ_एनेबल = येस
एसएमटीपीडी_सासल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/सासल_पासडब्ल्यूडी
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एन्क्रिप्ट

सासल_पासडब्ल्यूडी या फाइलमध्ये सर्व्हरचे नाव, माझा मेलचा पत्ता आणि पासवर्ड एका ओळीत लिहिला असून त्यानंतर पोस्टमॅप ही आज्ञाही दिली होती. तोच पत्ता आणि तोच पासवर्ड वापरून ब्राउझरमध्ये माझे खाते व्यवस्थित उघडते, त्यामुळे पासवर्ड चुकलेला नाही याची मला खात्री आहे.

मला सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की ‘पोस्टक्यू -पी’ या आज्ञेने पाठवायच्या मेलची रांग विचारली असता ‘मेल क्यू इज एम्प्टी’ असे उत्तर येते. रांग रिकामी आहे म्हणजे मेल गेला असावा, असे समजून मी आठवडाभर स्पॅमचा कप्पा शोधत राहिले. काल एका ओळखीच्या मुलाने नोंदी पाहायला सांगितल्या. मेल.लॉग नावाची फाइल या संगणकावर सापडलीच नाही, पण जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेतून ‘पोस्टफिक्स/एसएमटीपी’च्या नोंदी काढल्यावर रोज रात्रीची अशी एक ओळ मिळाली : ‘स्टेटस=बाउन्स्ड, ५३० ५.७.० ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड, इन रिप्लाय टू मेल फ्रॉम कमांड’.

पासवर्ड दिलेला असताना सर्व्हर तो पुन्हा का मागतो, हे मला समजत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (होटगी रस्ता)

ताई, आपण नोंद जशीच्या तशी दिलीत हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या एका ओळीतच आहे. ब्राउझरमध्ये खाते उघडते यावरून पासवर्ड बरोबर आहे एवढेच कळते. पोस्टफिक्सने तो सर्व्हरपुढे ठेवला की नाही, हे त्यावरून कळत नाही. ५३० या क्रमांकाचा अर्थ असा, की ओळख पटवण्याचा प्रयत्न न करताच आपला संगणक थेट ‘हे मेल अमुक पत्त्याकडून आहे’ असे सांगू लागला आणि सर्व्हरने त्याला तेथेच थांबवले. पासवर्ड दिला आणि तो नाकारला गेला, तर क्रमांक ५३५ येतो. सर्व्हरने ओळखपत्र मागितले आहे आणि आपण ते अजून खिशातून काढलेलेच नाही, अशी सध्याची स्थिती आहे.

ते का काढले गेले नाही, याचे कारण आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत आहे. त्या दोन्ही नावांत ‘एसएमटीपी’नंतर एक ‘डी’ आहे. पोस्टफिक्समध्ये ‘एसएमटीपीडी’ने सुरू होणारी सेटिंगे बाहेरून आपल्याकडे मेल घेऊन येणाऱ्यांसाठी असतात, तर ‘डी’ नसलेली सेटिंगे आपण दुसऱ्या सर्व्हरकडे मेल घेऊन जातो त्या वेळची असतात. आपण आपल्या दारावर पहारा बसवला आहे, परंतु बाहेर जाणाऱ्या माणसाच्या हाती काहीच दिलेले नाही. चौथ्या ओळीत ‘डी’ नाही, म्हणूनच टीएलएसचे काम बिनबोभाट झाले. टीएलएस सुरू झाले नसते तर क्रमांक ५३०च आला असता, पण पुढचे वाक्य ‘मस्ट इश्यू अ स्टार्टटीएलएस कमांड फर्स्ट’ असे असते. म्हणून केवळ क्रमांक न पाहता पुढचे शब्दही पाहावे लागतात.

‘पोस्टकॉन्फ -एन’ ही मेन.सीएफमधील सेटिंगे दाखवणारी आज्ञा देऊन पाहावी. पोस्टफिक्समध्ये ‘एसएमटीपीडी_सासल_पासवर्ड_मॅप्स’ नावाचे सेटिंग अस्तित्वातच नाही, त्यामुळे ती ओळ ‘अनयूज्ड पॅरामीटर’ अशा इशाऱ्यासह दिसेल. दुसरी ओळ मात्र खरी असल्याने तिच्याबद्दल इशारा येणार नाही, आणि चूक लक्षात न येण्याचे तेही एक कारण आहे. दोन्ही ओळी काढून टाकून त्यांच्या जागी ‘डी’ नसलेल्या लिहाव्यात. त्यांच्या जोडीला आणखी एक ओळ घालावी : ‘एसएमटीपी_सासल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअनॉनिमस’. या सेटिंगची मूळ किंमत ‘नोप्लेनटेक्स्ट, नोअनॉनिमस’ अशी आहे, म्हणजे साध्या पद्धतीने पासवर्ड देण्यास पोस्टफिक्स स्वतःच नकार देते, आणि जीमेलकडे आपल्याला ती साधी पद्धतच वापरायची आहे. सगळा संवाद टीएलएसच्या आत होत असल्याने तसे करण्यात धोका नाही. आपली ‘एन्क्रिप्ट’ची ओळ आहे तशीच राहू द्यावी.

सासल_पासडब्ल्यूडी फाइलमध्ये सर्व्हरचे नाव रिलेहोस्टच्या ओळीत आहे अगदी तसेच, चौकटी कंस आणि ५८७ या क्रमांकासह लिहिलेले हवे. एका ठिकाणी कंस आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे झाले तर पोस्टफिक्सला पासवर्ड सापडत नाही आणि पुन्हा हेच ५३० येते. कंसाला अर्थ आहे : या नावाचा मेल कोठे जातो अशी डीएनएसमधील (इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीतील) एमएक्सची, म्हणजे मेल घेणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीची, चौकशी न करता थेट याच यंत्राशी बोलावे, असे तो सांगतो.

आपण ५८७ निवडले हे योग्यच झाले. १९८२ साली एसएमटीपीचा मसुदा आला तेव्हा त्यात ‘आपण कोण’ असे विचारण्याची सोयच नव्हती. ती १९९९ मध्ये जोडली गेली, आणि पोस्टफिक्समध्ये ती आजही आपण स्वतः चालू करावी लागते. घरगुती ब्रॉडबँडवर २५ क्रमांकाचे पोर्ट बहुधा बंद असते. माझ्या घरी ते बंद आहे हे कळण्यापूर्वी मी दोन रात्री पासवर्ड बदलत बसलो होतो, आणि नोंदीत मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असे स्पष्ट लिहिलेले होते. आपल्याला सर्व्हरचे उत्तर मिळते आहे, म्हणजे वाट मोकळी आहे.

आता रिकाम्या रांगेविषयी. मेल पोहोचला तरी रांग रिकामी होते आणि कायमचा नाकारला गेला तरीही होते. नोंदीत ‘सेंट’ असेल तर मेल स्वीकारला गेला, ‘डेफर्ड’ असेल तर तो रांगेत थांबला आहे आणि पुन्हा प्रयत्न होईल, ‘बाउन्स्ड’ असेल तर तो पाठवणाऱ्याकडे परतला. आपल्या संगणकावर पाठवणारे आपणच आहात, तेव्हा परतलेली पत्रे ‘/व्हार/मेल’ या फोल्डरमध्ये आपल्या नावाच्या फाइलमध्ये पडून असतील. ती पुसू नका, त्यांत मूळ अहवाल जोडलेला असतो.

प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. ‘पोस्टकॉन्फ -एन’ दिल्यावर आपण म्हणालात तोच इशारा अगदी पहिल्या ओळीत आला. तो अकरा दिवस तेथेच असणार, मी ती आज्ञा कधी दिलीच नव्हती. दोन्ही ओळी बदलल्या, ‘नोअनॉनिमस’ची ओळ घातली, कंस जुळवले आणि पोस्टफिक्स रीलोड केले. आता ५३० गेले आहे. त्याऐवजी ‘स्टेटस=डेफर्ड, सासल ऑथेंटिकेशन फेल्ड, कॅनॉट ऑथेंटिकेट टू सर्व्हर, नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ अशी नोंद येते, आणि तिच्या आधी ‘नो वर्दी मेक्स फाउंड’ असा एक इशारा असतो. रांगेत आता तीन मेल थांबलेले दिसतात.

उत्तर (विजापूर रस्ता)

या वेळी नकार सर्व्हरचा नसून आपल्याच संगणकाचा आहे, कारण नोंदीत सर्व्हरने दिलेला कोणताही क्रमांक नाही. सर्व्हर ज्या पद्धतींनी ओळख पटवू देतो, त्यांपैकी एकही पद्धत आपल्या पोस्टफिक्सला येत नाही, असा त्या वाक्याचा अर्थ आहे. असे दोनच कारणांनी झालेले मी पाहिले आहे. एक म्हणजे वर सांगितलेली ‘नोप्लेनटेक्स्ट’ची अट, जी आपण काढली आहे. दुसरे म्हणजे ‘लिबसासल२-मॉड्यूल्स’ हे पॅकेज नसणे. ‘प्लेन’ आणि ‘लॉगिन’ या पद्धती त्याच पॅकेजमध्ये असतात, आणि डेबियनमध्ये ते केवळ शिफारशीने येत असल्यामुळे आपण जादा पॅकेजे नाकारली तेव्हा तेही राहिले असणार. ते बसवा, पोस्टफिक्स रीस्टार्ट करा आणि ‘पोस्टक्यू -एफ’ने रांग ढकला.

त्यानंतर ५३५ आला तर गोंधळून जाऊ नका. वैयक्तिक गूगल खात्यांवर नेहमीचा पासवर्ड अशा कामासाठी मे २०२२ च्या अखेरीपासून चालत नाही. खात्यावर द्विस्तरीय पडताळणी सुरू करून ‘अ‍ॅप पासवर्ड’ तयार करावा लागतो. तो १६ अक्षरांचा असतो आणि पडद्यावर चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. फाइलमध्ये लिहिताना मधल्या जागा गाळाव्यात.

प्रश्नकर्ती

पॅकेज खरोखरच नव्हते. ते बसवल्यावर आपण सांगितल्याप्रमाणे ५३५ आला : ‘युजरनेम अँड पासवर्ड नॉट अ‍ॅक्सेप्टेड’. अ‍ॅप पासवर्ड तयार केला, सासल_पासडब्ल्यूडी फाइलमध्ये जुन्याच्या जागी लिहिला, पोस्टफिक्स रीस्टार्ट केले, तरीही ५३५ कायम आहे. दोनदा नवा अ‍ॅप पासवर्ड करून पाहिला.

माझ्या दिरांनी फोनवरून सांगितल्याप्रमाणे ओपनएसएसएल या टीएलएस जोडणीच्या साधनाने ५८७वर हाताने जोडणी करून पाहिली. तेथे मात्र ‘२३५ २.७.० अ‍ॅक्सेप्टेड’ असे उत्तर आले. म्हणजे तोच पासवर्ड हाताने दिला तर चालतो आणि पोस्टफिक्सने दिला तर चालत नाही. हाताने दिलेली ओळ अशी होती :

[ही ओळ प्रश्नकर्तीने नंतर काढून टाकली आहे.]

उत्तर (होटगी रस्ता)

ताई, बाकी सर्व नंतर. आधी ती ओळ येथून काढा आणि गूगल खात्यात जाऊन तो अ‍ॅप पासवर्ड आत्ताच रद्द करा. ‘ऑथ प्लेन’पुढे दिसणारी अक्षरे गूढ वाटत असली तरी ती कुलूपबंद नाहीत. ती बेस६४ नावाची केवळ वेगळी लेखनपद्धती आहे. ती उलटी वाचायला कोणत्याही लिनक्सवर एक आज्ञा पुरते आणि त्यातून आपला पत्ता व पासवर्ड एकापुढे एक बाहेर पडतात. मी ती वाचलेली नाही, परंतु दुसरा कोणी वाचू शकेल. नोंदींतही, विशेषतः सविस्तर नोंदी चालू केलेल्या असताना, अशी ओळ आढळली तर ती कोणालाही दाखवू नये. नवा पासवर्ड तयार केल्यावरच पुढचे वाचा.

तुम्ही केलेली हाताची चाचणी मात्र फार उपयोगाची ठरली. खाते, अ‍ॅप पासवर्ड, पोर्ट आणि टीएलएस या चारही गोष्टी ठीक आहेत हे तिने दाखवले. आता संशय फक्त एका जागी उरतो : पोस्टफिक्सच्या हाती नेमका कोणता पासवर्ड आहे? पोस्टफिक्स आपण लिहिलेली साधी फाइल वाचत नाही. पोस्टमॅप ही आज्ञा त्या फाइलपासून शेवटी ‘.डीबी’ असलेली दुसरी फाइल बनवते आणि पोस्टफिक्स तीच वाचते. आपल्या ताज्या मजकुरात फाइल बदलल्याचा आणि रीस्टार्टचा उल्लेख आहे, पोस्टमॅपचा नाही. रीस्टार्टने ‘.डीबी’ फाइल नव्याने तयार होत नाही. त्यामुळे पोस्टफिक्स अजून आपला पहिला, नेहमीचा पासवर्डच सर्व्हरला देत असावे.

तपासण्यासाठी ‘पोस्टमॅप -क्यू’ वापरावे. त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत ‘[एसएमटीपी.जीमेल.कॉम]:५८७’ आणि नंतर ‘हॅश:’ने सुरू होणारे फाइलचे नाव द्यावे. पोस्टफिक्सला जे दिसते तेच पडद्यावर येईल. काहीच आले नाही तर कंस किंवा पोर्ट जुळत नाही, आणि जुना पासवर्ड आला तर पोस्टमॅप राहिले आहे. नोंदींत ‘डेटाबेस इज ओल्डर दॅन सोर्स फाइल’ असा इशाराही सापडेल; तो ५३५च्या ओळीच्या बऱ्याच वर असतो, म्हणून नजरेतून सुटतो.

सर्व सुरळीत झाल्यावर मूळ फाइल आणि ‘.डीबी’ फाइल या दोन्हींचा मालक रूट (संगणकाचा मुख्य प्रशासक) आणि परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी. दोन्हींमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

उत्तर (बाळे)

थोडे वेगळे मत मांडतो. एका संगणकावरून दिवसाला एक मेल पाठवण्यासाठी पोस्टफिक्सची गरज आहे का, याचा विचार व्हावा. एमएसएमटीपी नावाचा छोटा प्रोग्राम हेच काम आठ-दहा ओळींच्या एका फाइलवर करतो. त्यात ‘डी’चा घोटाळा नाही आणि पोस्टमॅपही नाही. मी माझ्या घरी तीन वर्षे तोच वापरत आहे.

उत्तर (विजापूर रस्ता)

केवळ मांडणीच्या दृष्टीने आपले म्हणणे मला पटते. मात्र एमएसएमटीपी मेल रांगेत ठेवत नाही. ज्या क्षणी पाठवायचा त्याच क्षणी इंटरनेट बंद असेल, तर तो चूक दाखवून थांबतो आणि मेल तेथेच संपतो, पुन्हा प्रयत्नाची सोय आपल्यालाच करावी लागते. ताईंचा अहवाल रात्री साडेअकरानंतर निघतो. उन्हाळ्यात आमच्या भागात त्या सुमारास वीज गेली, की इन्व्हर्टरवर संगणक चालू राहतो, पण गल्लीच्या टोकाचा ब्रॉडबँडचा डबा बंद पडतो. पोस्टफिक्स असा मेल ‘डेफर्ड’ म्हणून ठेवते आणि मूळ सेटिंगनुसार पाच दिवस प्रयत्न करत राहते. ज्या रात्री काही बिघडले, त्याच रात्रीचा अहवाल त्यांना सर्वांत जास्त हवा आहे. इथवर सेटिंग जमत आणल्यावर त्यांनी पोस्टफिक्सच ठेवावे, असे मला वाटते.

प्रश्नकर्ती

ओळ काढली, उघड झालेला अ‍ॅप पासवर्ड आणि आधीचा न वापरलेला असे दोन्ही रद्द करून नवीन तयार केला. त्यानंतर आधी ‘पोस्टमॅप -क्यू’ विचारून पाहिले, तेव्हा पडद्यावर माझा नेहमीचा जुना पासवर्ड आला. पोस्टमॅप चालवून पुन्हा विचारले, तेव्हा नवी १६ अक्षरे आली. ‘पोस्टक्यू -एफ’ दिल्यावर अर्ध्या मिनिटात ‘स्टेटस=सेंट, २५० २.०.० ओके’ अशा नोंदी आल्या आणि रांगेत थांबलेले सर्व मेल फोनवर एकापाठोपाठ उतरले. परवानगी ६०० केली आहे. पोस्टफिक्सच ठेवत आहे, कारण रात्री ब्रॉडबँड बंद पडण्याचा अनुभव आमच्याकडेही आहे.

आपण पुसू नका म्हणाला होतात, ती ‘/व्हार/मेल’मधील परतलेली पत्रे आज सकाळी एकेक करून वाचली. पोस्टफिक्सची सेटिंगे दुरुस्त होण्यापूर्वीच्या अकरा रात्रींचे अहवाल तेथे होते. नऊ रात्री प्रत व्यवस्थित उतरली होती. दोन रात्री कारखान्यातील संगणक कोणीतरी संध्याकाळी बंद करून गेले होते आणि एकही फाइल आली नव्हती. त्यांतली एक रात्र महिनाअखेरची होती, ज्या दिवशी कामगारांच्या पगाराच्या नोंदी घातल्या होत्या. त्या फाइली कारखान्यात सुरक्षित आहेत हे लगेच जाऊन पाहिले आणि दुपारी हाताने प्रत घेतली.

एक शंका उरते. अहवालावर ‘पाठवणारा’ म्हणून संगणकाचे स्थानिक नाव न दिसता माझा जीमेलचा पत्ता दिसतो. मी तसे कोठेही लिहिलेले नाही.

उत्तर (होटगी रस्ता)

ते अपेक्षितच आहे. ज्या खात्याने ओळख पटवली, त्याचाच पत्ता जीमेल पाठवणाऱ्याच्या जागी घालते. पुढे कधी दुसऱ्या सेवेकडे गेलात आणि तिने परका पत्ता पाहून मेल नाकारला, तर ‘एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स’ या सेटिंगने स्थानिक नावाऐवजी खरा पत्ता घालता येतो. त्याच्याही फाइलवर पोस्टमॅप चालवावे लागते. सध्या काही करण्याची आवश्यकता नाही.

अहवालाच्या विषयओळीत तारीख आणि आलेल्या फाइलींची संख्या घालून ठेवा. कारखान्यातील संगणक बंद राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मेल न उघडताही तेथे शून्य दिसेल.